कणा हाताला लागणारी भाटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शेजारच्या काकू कायमच्या मुंबईला लेकाकडे गेल्या, त्यांची बारा-तेरा वर्षांची भाटी (मांजरी) आता आमच्याकडे आहे. वजन २.३ किलो. पाठीवरून हात फिरवला की कण्याचा मणी न् मणी लागतो. बशीपर्यंत येते, वास घेते, दोन घास खाते आणि निघून जाते. दूधभात, उकडलेला बांगडा, दुकानातलं सुकं कॅटफूड, सगळं आठवडाभरात देऊन झालं. काय दिलं म्हणजे अंगावर मांस येईल?
— एक वाचक, देवगड

उत्तर : काय द्यायचं ते नंतर बघू. तिला खायचंच नाही, की खायचंय पण खाता येत नाही, हे आधी कळायला हवं. तुमच्या पत्रात एक गोष्ट चांगली आहे, ती बशीपर्यंत येते. भूक पार मेलेलं मांजर कोपऱ्यातून उठत नाही. ही उठते, म्हणजे अडतंय ते बशीपाशी आल्यानंतर.

उद्या सकाळी बशी ठेवून चार हात लांब बसा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात मांजर काही खाऊन दाखवत नाही, त्यामुळे डॉक्टरांनाही हा व्हिडिओ उपयोगी पडतो. मान तिरकी करून एकाच बाजूने चावते का? घास तोंडातून खाली पडतो का? पहिल्या घासाला दचकून मागे सरते, किंवा बशीवरच फिसकारते का? तसं असेल तर दुखणं तोंडात आहे. म्हाताऱ्या मांजरांचे दात हिरडीच्या कडेपाशी पोखरले जातात. वरून दात शाबूत दिसतो, पण मुळाशी लालसर खड्डा असतो आणि त्याला सुक्या खाण्याचा कडक दाणा लागला की कळ जाते. तोंडाची घाण आणि लाळेने भिजलेली हनुवटी या त्याच्याच खुणा.

वास घेतल्यावर ती ओठ चाटत असेल, आवंढे गिळत असेल, किंवा बशीभोवतीची जमीन पंजाने उकरून खाणं पुरल्यासारखं करत असेल तर ती मळमळ आहे. वयस्कर मांजरात मळमळ दिसली की पहिला संशय मूत्रपिंडावर घ्यावा. आणि शिंका, डोळ्यांत चिकटा, नाकाशी खपली असेल तर तिला वासच येत नसेल. मांजर वासावर जेवतं. नाक चोंदलं की पुढ्यात सुरमई ठेवली तरी तिला ती कळत नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने दिवसातून दोन-तीनदा नाक पुसा, गरम पाण्याची वाफ कोंडलेल्या न्हाणीघरात तिला घेऊन दहा मिनिटं बसा, आणि मग बशी द्या.

काहीही दिसलं तरी या आठवड्यात पशुवैद्याला दाखवायचंच. तिथे काय करून घ्यायचं ते लिहून न्या : तोंड पूर्ण उघडून तपासणी, विष्ठेची तपासणी, रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), युरिया, क्रिएटिनिन, फॉस्फरस, पोटॅशियम, साखर आणि थायरॉइडचं टी-४, शिवाय लघवीची घनता. लघवीची तपासणी वगळू नका. क्रिएटिनिन वाढतं तेव्हा मूत्रपिंडाचं बरंचसं काम आधीच गेलेलं असतं, आणि अंगावरचे स्नायू आटलेल्या मांजरात तो आकडा मुळातच कमी येतो, म्हणून 'नॉर्मल' लिहून आलेला रिपोर्ट फसवा ठरू शकतो. रक्त माणसांच्या लॅबमध्ये जाणार असेल तर रिपोर्टावर छापलेली मर्यादा माणसाची असते. डॉक्टरांना आकडे मांजराच्या मर्यादेशी ताडायला सांगा.

एक गोष्ट मात्र आठवड्यावर ढकलायची नाही. पूर्ण २४ तास पोटात काहीच गेलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उपास घडला की मांजराचं शरीर चरबी वितळवून यकृताकडे पाठवतं आणि ती तिथेच साठून यकृत बंद पडू लागतं. जाड मांजरात हे जास्त होतं, पण रोड मांजर त्यातून सुटतं असं नाही. कानाची आतली बाजू किंवा हिरड्या पिवळसर दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता घरातलं. तेरा वर्षं एका घरात काढलेल्या जिवाला नव्या घरात आठ-दहा दिवस भीतीच वाटते. तिला माजघराच्या बाजूची एक शांत खोली द्या, पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, आणि काकूंच्या घरातलं तिचं जुनं गोणपाट किंवा वाकळ असेल तर न धुता तीच आत घाला. शी-शूसाठी माती भरलेलं घमेलं खोलीच्या एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला, जेवण तिसरीकडे. घरात कुत्रा किंवा दुसरा बोका असेल तर जेवताना दार बंद. वाटी नको, पसरट बशी घ्या; कडांना मिश्या घासल्या की काही मांजरं खाणं सोडतात. बशीखाली चार-पाच बोटं उंचीचा पाट ठेवा, मान वाकवताना सांधे दुखत असतील तर तेवढ्याने फरक पडतो. मुंग्यांसाठी बशी पाणी घातलेल्या परातीत ठेवा. मुंग्यांच्या खडूची रेघ बशीजवळ मारू नका, ते कीटकनाशक असतं.

मग काकूंना फोन करा आणि ती तिथे नेमकं काय खात होती, किती वाजता, कोणत्या भांड्यात, हे विचारा. पहिले दहा दिवस तेच द्या, निदान तोच पाया ठेवा. आठवड्यात तीन प्रकार बदलले ही प्रेमापोटी झालेली गोष्ट, पण मळमळत असताना जो पदार्थ पुढे येतो त्याचीच मांजर धास्ती घेतं. आज नाकारलेला बांगडा उद्या पुन्हा पुढे केला की ती बशीचाच तिटकारा करते. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर बशी उचलायची, न बोलता, आणि दोन तासांनी ताजं द्यायचं.

प्रमाण असं. २.३ किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायला दिवसाला सुमारे १३० कॅलरी लागतात. वजन वाढवायचं तर १७० ते १८०. पण दोन घासांवर दिवस काढणाऱ्या मांजराला पहिल्याच दिवशी पोटभर देऊ नका. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि मांजर कोसळू शकतं. ८५ ग्रॅमच्या ओल्या पाऊचमध्ये साधारण ७० कॅलरी असतात (पाकिटावरचा आकडा बघून घ्या), तेव्हा पहिल्या दिवशी अर्ध्याहून थोडं जास्त, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दीड, चौथ्या-पाचव्या दिवशी दोन, आणि मग अडीच. हे दिवसातून पाच-सहा वेळा विभागून, एका वेळी एक ते दोन मोठे चमचे. त्यातली एक वेळ पहाटेची आणि एक झोपण्याआधीची ठेवा. पाऊच फ्रीजमधून काढून तसाच वाढू नका. बंद पाऊच गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवा, बोटाला जेमतेम कोमट लागला पाहिजे. त्या उबेने वास सुटतो आणि निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

मूत्रपिंडाचा रिपोर्ट चांगला आला तर पिल्लांसाठीचं कॅटफूड द्या, त्यात तेवढ्याच घासात प्रथिनं आणि चरबी जास्त असते. सुकं खाणं कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून द्या. साधारण ४० ग्रॅममध्ये १५० कॅलरी मिळतात. पावसाळ्यात मोठी पिशवी आणू नका. आपल्याकडच्या दमट हवेत उघडी पिशवी महिन्याभरात खवट होते, बुरशीही धरते. एक किलोच्या आत आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

घरचं करायचं असेल तर कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस २०० ग्रॅम, कोंबडीची हृदयं ३० ग्रॅम, कलेजी १०-१५ ग्रॅम, बुडेल इतकंच पाणी, मंद आचेवर वीस मिनिटं. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. हाताने कुसकरायचं आणि उकळलेलं पाणी त्यातच ठेवायचं. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो आणि तो पाण्यात उतरतो. पाणी ओतून दिलंत तर टॉरिन मोरीत गेलं. त्याच्या कमतरतेने मांजराची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. हृदयाच्या मांसात तो भरपूर असतो, तसाच तिसऱ्यांतही (शिंपल्यांतही), पण तिसऱ्या उकडूनच द्यायच्या. कलेजी आवडते म्हणून रोज वाटीभर घालू नका, अ जीवनसत्त्व साठत जाऊन मान आणि पाठीची हाडं जखडतात. हे मिश्रण फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. उरलेलं बर्फाच्या ट्रेत गोठवा, एक खण म्हणजे एक वेळ. लाईट चार-सहा तास गेली असेल तर फ्रीजमधलं मात्र टाकून द्या. दोन-तीन आठवड्यांपलीकडे घरच्यावरच ठेवायची असेल तर बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम नसतं हे लक्षात ठेवा. अंड्याचं कवच उकळून, वाळवून केलेली पूड अर्धा किलो मांसाला अर्धा सपाट चहाचा चमचा. तरीही तयार कॅटफूड मुख्य आणि घरचं वरून, हेच सोपं आणि सुरक्षित.

दूधभाताबद्दल. भाताने पोट भरतं, स्नायू येत नाहीत, आणि म्हातारपणी गळतात ते स्नायूच. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाबात मिळवलेलं वजन जातं. भाताची सवय मोडेपर्यंत चमचाभर मऊ भात मांसात कालवा आणि आठ-दहा दिवसांत कमी करत न्या. घासात पाव चमचा साजूक तूप घालायला हरकत नाही.

वजनासाठी उभं राहायचा काटा बिनकामाचा, तो शंभर ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो आणि आपल्याला तर पन्नास ग्रॅम मोजायचे आहेत. स्वयंपाकघरातला ५-१० किलोचा डिजिटल काटा घ्या, त्यावर टोपली ठेवून शून्य करा, भाटीला आत बसवा. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, जेवणाआधी. आठवड्याला २५ ते ५० ग्रॅम वाढ म्हणजे गाडी रुळावर आहे. पोट टम्म आणि कणा तसाच टोकदार, अशी वाढ दिसली तर ती चरबी नव्हे. जंत किंवा पोटात पाणी असू शकतं.

प्रश्न : आमच्याकडे उलटं आहे. दत्तक घेतलेला बोका हावऱ्यासारखा खातो, रात्री ओरडून उठवतो, तरी दोन महिन्यांत वजन ३.८ वरून ३.१ वर आलं. जंताचं औषध दिलं. आणखी खायला घालू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खाणं वाढवून हे सुटणार नाही. खातो आणि वाळतो, त्यात रात्रीचं ओरडणं, अंगावरचे केस विस्कटलेले, छातीवर हात ठेवला तर धडधड मोजता येत नाही इतकी वेगवान, असं असेल तर थायरॉइड जास्त काम करतंय असं धरून टी-४ तपासा. दहा वर्षांवरच्या मांजरांत हा नेहमीचा आजार आहे. गोळी रोज द्यावी लागते, पण वजन परत येतं. दुसरा संशय मधुमेह.

दवाखान्यात जाण्याआधी पाणी मोजा. सकाळी मापाने ३०० मिली ठेवा, शेजारी तसंच दुसरं भांडं झाकण न घालता पण त्याला पोहोचणार नाही असं ठेवा (त्यातून वाफेने किती जातं ते कळतं), न्हाणीघरातल्या बादल्या आणि तुळशीपाशी साठणारं पाणी बंद करा. दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. मांजराने किलोमागे ५० मिलीपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर ते बघण्यासारखं, १०० मिलीच्या वर गेलं तर नक्कीच आजार. तुमच्या ३.१ किलोच्या बोक्यासाठी म्हणजे दीडशे मिलीपासून कान टवकारायचे. ओलं खाणं खाणाऱ्यासाठी हा आकडा आणखी कमी धरा.

जंताच्या औषधाबद्दल एवढंच, की एका मात्रेने काम होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं, आणि शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही चिकटलेलं दिसत असेल तर ती टेपवर्मची चिन्हं आहेत, त्याला प्राझिक्वांटेल असलेलं औषध हवं. टेपवर्म पिसवांतून येतो. पिसवा गेल्या नाहीत तर तो महिन्याभरात परत येतो.

प्रश्न : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. आमच्या म्हाताऱ्या मांजरीला मासळीशिवाय घास उतरत नाही. सुकी मासळी चालेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : खारवलेला बांगडा अजिबात नको. पाण्यात भिजवून मीठ पूर्ण निघत नाही आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. बिनमिठाचा वाळवलेला जवळा ही गोष्ट वेगळी, पण जेवण म्हणून नव्हे. मूठभर जवळा निवडून, वाळू झटकून, तव्यावर कोरडा भाजा, मिक्सरमधून पूड करा, बाटलीत भरा आणि कोंबडीच्या घासावर चिमूटभर भुरभुरा. वासाने मांजर बशीवर येतं, खाली मात्र कोंबडी असते. दर दोन दिवसांनी चिमूट कमी करा. मूत्रपिंडाचा आजार ठरलेला असेल तर जवळाही टाळा, कवचासकट खाल्ल्याने फॉस्फरस वाढतं.

बंदीआधीच ही सवय लावून ठेवायला हवी. बांगडा-तारलीसारखी तेलकट मासळीच रोज दिली की ई जीवनसत्त्व कमी पडतं, कातडीखालची चरबी सुजते आणि मांजर हात लावला तरी कळवळतं. कच्ची मासळी तर देऊच नये; काही माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, तो उकडल्यावरच नाहीसा होतो. मान छातीकडे झुकलेली आणि चाल लडखडती दिसली की ब१ किंवा पोटॅशियम कमी झालंय, दवाखाना त्याच दिवशी. आठवड्यातून दोनदा सौंदाळे किंवा लेपा उकडून, काटा काढून, एवढं पुरे.

आणि संध्याकाळी बाजार उठताना 'मांजरापुरती' म्हणून स्वस्तात मिळते ती मासळी घेऊ नका. दिवसभर उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, ते कितीही उकळलं तरी जात नाही. रोड मांजराला एक दिवसाची उलटीसुद्धा परवडत नाही. तिखल्यातला धुतलेला तुकडाही नको. कांदा-लसणाचा रस मांसात मुरलेला असतो आणि त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

प्रश्न : खात नाही म्हणून सिरिंजने भरवलं तर? आणि भुकेसाठी आपलं टॉनिक?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : सिरिंज डॉक्टरांनी दाखवल्यावरच. मान वर करून घशात सोडलं की अन्न फुप्फुसात जातं. शिवाय जबरदस्तीने भरवलेला पदार्थ मांजर पुढे बऱ्याचदा टाळतं. दाखवून घेतलं असेल तर मान सरळ, सिरिंज गालाच्या बाजूने, एका वेळी अर्धा मिली, गिळल्याशिवाय पुढचा नाही. त्याआधी बोटावर घेऊन ओठाला थोडं लावून बघा, चाटून घेतलं तर सिरिंज लागतच नाही.

टॉनिक नको. मांजरांना भूक लागण्याची आणि मळमळ थांबण्याची औषधं आहेत. मिर्टाझापिन हे त्यातलं नेहमीचं, पण मूत्रपिंड आणि यकृत बघून मात्रा ठरते, म्हणून ते डॉक्टरच देतील. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल मात्र कधीही नाही, अर्धी गोळीही नाही. मांजराच्या यकृताला त्याचं विष उतरवता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात आणि तोंड-पंजे सुजतात. कुणी चुकून दिलीच असेल तर गोळी किती मिलीग्रॅमची होती ते घेऊन लगेच निघा.

प्रश्न : मूत्रपिंडाचं पथ्याचं खाणं सुचवलंय, पण आमची मांजरी त्याला तोंड लावत नाही.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पथ्याच्या खाण्यावर उपाशी राहण्यापेक्षा साधं खाणं पोटभर खाल्लेलं बरं. आधी आवडतं ते खाऊ द्या, मळमळीचं औषध सुरू करून घ्या, आणि भूक स्थिरावली की त्या खाण्यात पथ्याचं चमचा-चमचा मिसळत तीन-चार आठवडे घ्या. दवाखान्यात सलाईनवर असताना ते पुढे करू नका, ती त्याचा संबंध दुखण्याशी जोडते. फॉस्फरस बांधणारी पूड खाण्यात मिसळून मिळते, तोवर डॉक्टरांना त्या पुडीबद्दल विचारा.

प्रश्न : रोड मांजरीच्या अंगावर पिसवा आहेत. कुत्र्याचा गोचीड-स्प्रे घरात आहे, तो थोडा मारला तर?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : थोडाही नको. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि मांजराला त्याने झटके येऊन मृत्यू येऊ शकतो. रोज बारीक दातांच्या फणीने विंचरा, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा, गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा आणि मांजरासाठीच असलेलं, वजनाप्रमाणे मोजलेलं औषध डॉक्टरांकडून मानेवर लावून घ्या. हिरड्या पांढुरक्या असतील तर पिसवांनी रक्त कमी केलंय. अशा वेळी आंघोळ घालू नका, ती गारठते. स्प्रे आधीच मारला गेला असेल तर मात्र कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि स्प्रेची बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा.